दोष खुर्चीचा नव्हता

आमच्या ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. बाजारात त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. बाईमाणसाला उस्ताद म्हणावं की नाही, याचा विचार अजून कोणी केलेला नाही. सोफे, बाकं, न्हाव्याची फिरती खुर्ची, दातांच्या डॉक्टरची आडवी खुर्ची, सिनेमागृहातल्या घडीच्या सीटा, थोडक्यात ज्याच्यावर माणूस बूड टेकतो ते सगळं आमच्या दुकानात येतं आणि उसवून, भरून, नवं रेक्झिन चढवून परत जातं. खाली दुकान, वर घर. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं. दोन मुलगे असूनही वाकडी सुई त्यांनी दिली ती थोरल्या सुनेच्या हातात. “थोरल्याचे हात गाडी चालवायला बरे, आणि धाकट्याचे नुसतेच बरे,” असं ते म्हणायचे. धाकटा म्हणजे माझा नवरा, तेव्हा यावर मी जास्त बोलत नाही.

मी काउंटरवर बसते. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हे माझं काम, आणि ते मला जमत नाही. पण ताईंना तर ते माझ्याहूनही कमी जमतं, म्हणून मी बसते. त्या मागे, मशीनवर. एखादी खुर्ची आली की ती उलटी करण्याआधी त्या सीटमधला खळगा बघणार आणि बसणाऱ्याची अब्रू काढणार. “हा साहेब एकाच कुल्ल्यावर बसतो गं. दुसरा काय भाड्याने दिलाय?” गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हेच. ढुंगण हा शब्द आमच्या दुकानात शिवी नाही, माप आहे. इकडून तिकडे दिवसभर तोच शब्द चालू असतो आणि कोणाला काही वाटत नाही. सासूबाई वरून ओरडतात, “अगं, माणसं ऐकतायत!” त्यावर ताई म्हणतात, “ऐकू देत, त्यांनाही आहेच.”

आता अशा बाईला स्वतःच्या त्याच जागेबद्दल एक शब्द बोलता येऊ नये, याचा मला अजून राग येतो. राग येतो आणि मग ओसरतो, कारण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

सासऱ्यांनी घालून दिलेला एक नियम आमच्याकडे आहे. गिऱ्हाईक कुरकुरलं की वाद घालायचा नाही, खुर्ची उघडायची. पाठ दुखते? खुर्ची उघडा. पायाला मुंग्या येतात? फोम बदला. माणसात खोट काढायची नाही, माल आपला, दोष मालाचा. धंद्याला हे फार चांगलं. ताईंच्या हाडीमाशी ते इतकं भिनलेलं की दुखलं खुपलं की त्यांचा हात डॉक्टरकडे नाही, कात्रीकडे जातो.

मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मशीनपुढची खुर्ची उसवली. मी म्हटलं, जुनी झाली असेल. पुढे पुन्हा उसवली आणि फोम काढून काथ्या भरला. मग काथ्या काढून मऊ स्पंज घातला. मग स्प्रिंगा. दुकानात गिऱ्हाइकांच्या खुर्च्या उलट्या पडून राहिलेल्या आणि उस्तादबाई आपलीच खुर्ची घेऊन बसलेल्या. मी टोमणा मारला, “ताई, सिंहासन कधी पुरं होणार?” त्या हसल्या नाहीत. मी ते लक्षात घेतलं नाही, कारण माझा टोमणा चांगला होता आणि मी त्याच्यावरच खूश होते.

एक दिवस त्या एका शाळेच्या सभागृहाची मापं घ्यायला गेल्या होत्या. मला बाहीची एक शिवण मारायची होती, म्हणून मी त्यांच्या मशीनवर बसले. बसले ती खचलेच. वरून कापड सलग, शिवण अशी की तिच्यावर बोट फिरवावं, पण आत मधोमध गोल भोक. मूळव्याधीच्या लोकांना आम्ही अशी गादी करून देतो. ती बेमालूम झाकून, वर नेहमीच्या खुर्चीचं सोंग चढवलेलं. मी एकटीच खो खो हसत सुटले. त्याच वेळी ताई परत आल्या, हातात मापाची टेप, आणि मला तिथे बसलेलं बघून त्यांचा चेहरा असा उतरला की मी हसायची थांबले.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “आणि कोणाला सांगू नकोस.”

“अहो ताई, मूळव्याधच तर आहे. अर्ध्या बाजाराला आहे.”

“हो, तेच. बसून बसून होते.” मग टेप गुंडाळता गुंडाळता त्यांनी खाली बघत सांगितलं. रक्त जातं. खाज सुटते. पुसताना हाताला काहीतरी खरखरीत लागतं. “गोळ्या चालू आहेत. आपल्या डॉक्टरांनी दिल्यात.”

डॉक्टरांनी दिल्यात म्हटल्यावर मी विषय सोडला. कशा दिल्या, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ते कळलं ते असं. आमचे डॉक्टर, कोपऱ्यावरचे, त्यांच्या दवाखान्यातलं पेशंटचं बाक फाटलं म्हणून दुकानात आले. त्या दिवशी सासूबाई खाली काउंटरशी बसल्या होत्या. समोर दोन गिऱ्हाइकं रेक्झिनचे नमुने चाळत होती. डॉक्टर हसतमुख, आवाज मोठा. म्हणाले, “काय आजी, मूळव्याध काय म्हणते? रक्त थांबलं का?”

सासूबाईंचं वय झालंय, पण डोकं कात्रीसारखं चालतं. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, मग मागे मशीनकडे. ताई सुईत दोरा ओवत होत्या. दोरा ओवलेलाच होता, तरी ओवत होत्या. कानाच्या पाळ्या लालभडक.

“बरी आहे हो,” सासूबाई म्हणाल्या. “या वयात व्हायचंच.”

डॉक्टर गेले. गिऱ्हाइकंही गेली. मग सासूबाईंनी चष्मा काढला, म्हणजे आता खरं नाही.

“माझ्या नावावर?”

“आई, त्यांच्यासमोर मला बोलवेना,” ताई म्हणाल्या. “ते पुरुष. रोज समोरून जातात येतात. मी म्हटलं, सासूबाईंना त्रास आहे, त्या येऊ शकत नाहीत.”

“आणि म्हातारीला लाज नसते, असं वाटलं तुला?”

ताईंना रडू फुटलं. मला वाटलं आता थांबतील, पण सासूबाई थांबणाऱ्यातल्या नाहीत. “त्याने न बघता दिल्या, तू न दाखवता खाल्ल्यास. दोघं शहाणे! माझी खरी असती ना, तर मी त्याला टेबलावर चढून दाखवली असती.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुझं ते पिशवीच्या तोंडाचं झालं होतं, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी दरवर्षी ये म्हटलं होतं. जातेस?”

ताईंनी मान हलवली, नाही अशी.

त्या जुन्या प्रकरणाबद्दल मला तेव्हा अर्धवटच माहीत होतं, बाकीचं ताईंनी नंतर सांगितलं. बायकांच्या दवाखान्यात एकदा सगळ्यांची तपासणी झाली होती, आम्ही दोघीही गेलो होतो. माझं काही निघालं नाही. ताईंच्या गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बिघडलेल्या निघाल्या. कर्करोग नव्हे, पण वेळेत काढलं नाही तर तिकडे जाणारी वाट. छोटंसं ऑपरेशन होऊन ते निस्तरलं. घरात ‘पिशवीचं काहीतरी’ एवढंच सांगितलं गेलं आणि झाकली मूठ सव्वा लाखाची झाली. पण त्या दिवशी तिथली नर्स बाहेरच्या बोळात उभी राहून मोठ्याने समजावत होती, की हे एका विषाणूमुळे होतं, एचपीव्ही त्याचं नाव, आणि तो संबंधातून येतो. बोळात भाऊजी उभे होते, म्हणजे ताईंचे यजमान. त्यांनी ते ऐकलं. आणि जे तोंडात मिठाची गुळणी धरली, ती धरलीच.

आधी ते बोलके होते असं नाही. पण निदान जेवताना रस्त्यातल्या गमती सांगायचे. ते बंद झालं. ताईंनी त्याचा एकच अर्थ काढला, की यांना माझा संशय येतो. आणि ज्या बाईने आयुष्यात दुसऱ्या पुरुषाच्या फक्त सीटचं माप घेतलं, ती बाई स्वतःच्या घरात चोरासारखी वावरायला लागली. दोन वर्षं तपासणीला गेली, मग सोडून दिलं. प्रत्येक वेळी गाडी काढायला त्यांनाच सांगावं लागायचं ना. आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी.

यावेळी मी त्यांना रिक्षाने नेलं. सासूबाईंनी दम दिला होता, न गेलीस तर मीच टेबलावर चढते.

डॉक्टरीणबाई आता पिकल्या होत्या, पण ताईंना त्यांनी ओळखलं. ताईंनी खाली मान घालून मूळव्याधीचं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या जुन्या ऑपरेशनचं सांगितलं होतंत?”

“नाही.”

“का?”

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मीच सांगून टाकलं, “सासूबाईंच्या नावावर औषध आणलं होतं. त्यांचं कसलं ऑपरेशन?”

बाई हसल्या नाहीत. मला वाटतं, त्यांनी असलं पुष्कळ ऐकलेलं असावं. त्या म्हणाल्या, “मूळव्याध असेलही. पण तुमच्या बाबतीत मी नुसतं तेवढं धरून चालणार नाही. पुढच्या वाटेत ज्या बायकांना तो विषाणू होता, त्यांच्यात तो मागच्या वाटेतही असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. शेजारशेजारची जागा आहे. एका घरात ओल आली की मधल्या भिंतीपलीकडेही हात लावून बघतो ना आपण? तसं. आणि तिथेही तो तेच करू शकतो, पेशी बिघडवू शकतो. म्हणून बघायचं.”

ताई एकदम तडकल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा दुकानातला आवाज निघाला. “पण डॉक्टर, आमच्यात तसलं काही नाही! कधीच नाही!”

“मी विचारलंच नाही,” बाई म्हणाल्या. “तसलं काही न करताही तो तिथे पोहोचतो. स्राव असतो, हात असतो, पुसणं असतं. आणि केलं असतंत, तरी मी हेच बोलले असते आणि याच तोंडाने बोलले असते. चला, कुशीवर झोपा.”

मला बाहेर जायचं होतं. ताईंनी माझं मनगट सोडलं नाही. पडद्याआड त्या भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या आणि डोळे घट्ट मिटले होते. बाईंनी आधी बोटाने तपासलं, मग छोटीशी नळी घालून, उजेड पाडून, कसलंसं आंबट वासाचं पाणी लावून बघितलं. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या, आता गार लागेल, आता दाब येईल. दुखत होतं का, माहीत नाही. ताई एवढंच पुटपुटत होत्या, “शी. शी. काय ही वेळ.” जमीन दुभंगली असती तर टेबलासकट आत गेल्या असत्या. आणि मी, जिची जीभ हातभर लांब, मी त्या वेळी दिव्याच्या वायरीकडे बघत उभी होते.

मूळव्याधीचा एक छोटा कोंब होता. पण त्याच्या शेजारी वेगळाच एक चट्टा होता, खरखरीत, पाणी लावल्यावर पांढरा पडलेला. त्याचा तुकडा तपासायला गेला. उत्तर येईपर्यंत ताईंनी दुकानातल्या कुठल्याच खुर्चीची चेष्टा केली नाही. लोक आपली खुर्ची नेताना विचारत, उस्ताद आजारी आहेत का?

उत्तर आलं. कर्करोग नाही. पण त्याच्या आधीची पायरी, तीही वरची. तो भाग जाळून काढायचा आणि त्यानंतरही पुढचं-मागचं दोन्ही तपासत राहायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आलात ते बरं केलंत. आणखी काही वर्षं खुर्चीच शिवत राहिला असतात, तर मला वेगळं बोलावं लागलं असतं. आता घरी सांगा. यजमानांनाही.”

“त्यांना मूळव्याध सांगितलं तर चालेल?” ताईंनी विचारलं.

“मला चालेल,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला चालेल का बघा.”

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमचं शटर अर्धं खाली असतं. मी रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे माल मोजत होते. खरं तर मोजून झालं होतं. भाऊजी टेम्पोची किल्ली टांगायला आत आले आणि ताईंनी त्यांना थांबवलं. मूळव्याध म्हणायला तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, खरं तेच बाहेर पडलं. अगदी सगळं. जागेच्या नावासकट. शेवटी म्हणाल्या, “तोच विषाणू आहे. तेव्हाचाच. आता तुम्हाला काय विचारायचंय ते विचारून घ्या एकदा. मी थकले.”

भाऊजी एका उसवलेल्या सोफ्याच्या लाकडी काठावर बसले. हातातली किल्ली दोनदा उलटसुलट केली. मग म्हणाले, “मी काय विचारू? तू विचारशील म्हणून मी इतकी वर्षं घाबरून आहे.”

“मी?”

“लग्नाआधी मी लांबच्या ट्रकवर होतो. तेव्हा...” त्यांनी हाताने काहीतरी खूण केली, म्हणजे पुढचं समजून घे. “त्या नर्सचं ऐकलं तेव्हाच मला कळलं. माझ्याकडूनच आलं असणार. वाटलं, आता तू विचारणार. तू विचारलं नाहीस. मग वाटलं, बरं झालं.”

“म्हणजे माझा संशय नव्हता तुम्हाला?”

“तुझा? छे.”

मला वाटलं, आता ताईंच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पण त्यांचा चेहरा मी गुंडाळ्यांच्या फटीतून बघितला, आणि तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

“मग ही सगळी वर्षं,” त्या म्हणाल्या, “मी कोणाची लाज वागवत होते?”

 ताईंनी हातोडी उचलली. क्षणभर मला खरंच भीती वाटली. पण त्या सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला वाकल्या आणि पट्टे ठोकायला लागल्या. दणादण, भाऊजी त्याच सोफ्याच्या काठावर बसलेले असताना. प्रत्येक खिळ्यासरशी ते हादरत होते, पण उठले नाहीत. सुट्टी संपून मी शटर वर केलं तरी दोघं तसेच होते.

डॉक्टरीणबाईंनी नंतर ताईंना सांगितलं, की कोणाकडून आला आणि कधी आला हे कोणालाच सांगता येत नाही. तो बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो, बहुतेकांचा आपोआप जातो, आणि कुठे कुठे वर्षानुवर्षं काही न बोलता बसून राहतो. मी म्हटलं, म्हणजे अगदी भाऊजींसारखा. ताईंना तो विनोद आवडला नाही. भाऊजींशी त्यांनी बोलणं टाकलं होतं. वाढायच्या, कपडे घडी करायच्या, पण शब्द नाही. सासूबाईंना काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. त्या एकदा फक्त म्हणाल्या, “गप्प बसण्यात माझा थोरला पहिल्यापासून हुशार.”

चट्टा काढायच्या दिवशी भाऊजी धुतलेला शर्ट घालून दारात उभे राहिले.

“मी येतो.”

“कशाला? तिथे सगळ्या बायका असतात,” ताई म्हणाल्या. किती दिवसांनी बोलल्या होत्या, पण त्यांना ते आठवलंच नसावं.

ते आले. मधे ताई, एका बाजूला मी, एका बाजूला ते. खोली भरलेली होती. पोट घेऊन बसलेल्या, ओटीत बाळ घेऊन बसलेल्या, सुनेला घेऊन आलेल्या. पुरुष हे एकटेच, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत फोटोला बसवल्यासारखे. एवढ्यात आतून एक मुलगी हातात कागद घेऊन दारात आली आणि जरासुद्धा आवाज न चोरता म्हणाली, “गुदद्वाराचा चट्टा काढायचाय ती पेशंट कोण? कोणाचं आहे ते?”

सगळ्या माना वर झाल्या. ताईंनी पर्सची चेन उघडली आणि आत बघत राहिल्या, जसं काही त्या पर्समध्ये उतरून जाता येणार होतं. मी बोलायला हवं होतं. टाळूला चिकटलेली जीभ मी सोडवत होते, तेवढ्यात शेजारी बाक करकरलं.

भाऊजी उभे राहिले होते. “आमचं,” ते म्हणाले. खोलीच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं.

ताईंचा चेहरा गळ्यापर्यंत लाल झाला. “हळू बोला की,” त्या दातओठ खात म्हणाल्या, पर्स त्यांच्या हातात कोंबली आणि आत गेल्या.